नोकरी, लग्न की पाचारण: मोठ्या निर्णयाआधी देवाचं मार्गदर्शन कसं घ्यायचं

नोकरी, लग्न किंवा पाचारण (देवाच्या सेवेला आयुष्य वाहण्याची हाक) असा मोठा निर्णय समोर आला की आपल्या ख्रिस्ती मंडळीत दोन तऱ्हेचे सल्ले मिळतात. "प्रार्थना कर, प्रभू दाखवेल" हा एक. "फार विचार करत बसू नकोस, घेऊन टाक" हा दुसरा. सांगणारे मनापासूनच सांगतात. पण प्रार्थना करायची म्हणजे नेमकं काय करायचं, किती दिवस करायची आणि प्रभूने दाखवलं हे ओळखायचं कशावरून, ते कुणी सांगत नाही. पहिल्यांदाच असा निर्णय घेणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे.

यातली रीत माझी नाही, संत इग्नेशियस लोयोलाची आहे. स्पेनच्या बास्क भागातला हा सरदारपुत्र 1521 साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने जखमी झाला आणि लोयोलाच्या वाड्यात कित्येक महिने अंथरुणाला खिळला. वाचायला त्याला शूरवीरांच्या कादंबऱ्या हव्या होत्या. घरात निघाली ती ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रं. मग पडल्या पडल्या तो कधी एका उच्चकुलीन स्त्रीसाठी गाजवायच्या पराक्रमांची स्वप्नं पाहायचा, तर कधी संत फ्रान्सिस आणि संत डॉमिनिक यांच्यासारखं जगण्याची. दोन्ही स्वप्नं रंगात असताना सारखीच गोड लागायची. फरक नंतर जाणवायचा. पहिलं संपलं की मन कोरडं पडायचं, दुसरं संपल्यावरही आनंद टिकायचा. इतक्या साध्या निरीक्षणावर त्याने पुढे अध्यात्मसाधनेची सगळी पद्धत उभी केली आणि 1548 साली पोप तिसरे पॉल यांनी तिला मान्यता दिली. त्यानेच स्थापलेल्या येशूसंघाचे (जेझुइट) फादर आजही तीच शिकवतात. तुम्ही प्रोटेस्टंट मंडळीतले असलात तरी अडचण नाही. यात मन, पवित्र शास्त्र आणि वही याखेरीज फारसं काही लागत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे पुढे निराशा होणार नाही. माझ्या समजुतीप्रमाणे देव बहुधा निकाल कळवत नाही. आपलं मन कुठे अडकलं आहे ते तो दाखवतो. ती गाठ सुटली की निर्णय बऱ्याचदा समोरच असतो.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण धरून चालू. समजा, नगर जिल्ह्यातली 27 वर्षांची एक नर्स आहे. खासगी हॉस्पिटलात नोकरी करते. वडील नाहीत, आईला शुगर आहे, धाकटा भाऊ कॉलेजात शिकतो. एका एजंटामार्फत तिला रियाधला दोन वर्षांच्या कराराची नोकरी चालून आली आहे. मावशीने त्याच महिन्यात एक स्थळही आणलं आहे. उत्तर द्यायला तिच्या हातात पाच आठवडे आहेत.

आधी प्रश्न नीट मांडा

"देवा, माझं काय होणार?" या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. वहीच्या पहिल्या पानावर एकच प्रश्न लिहा, हो किंवा नाही असं उत्तर येईल असा. आपल्या नर्सचा प्रश्न असा होईल: "रियाधची दोन वर्षांची नोकरी मी घ्यावी का?" लग्नाचा प्रश्न वेगळ्या पानावर. दोन प्रश्न एकात गुंफले की मन एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत राहतं. "स्थळ पसंत नाही म्हणून रियाध" असा निर्णय मग नकळत होऊन जातो.

दोन प्रकारचे प्रश्न या रीतीत बसत नाहीत. जे उघडच पाप आहे त्यावर विवेचन, म्हणजे देवाची इच्छा काय ते पारखणं, करायचं नसतं. लाच देऊन नोकरी लावून घ्यावी का, यासाठी नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) कशाला? आणि जो शब्द एकदा दिला आहे, म्हणजे झालेला विवाह किंवा घेतलेलं आजीवन व्रत, तो पुन्हा निवडीसाठी मांडता येत नाही. तिथे प्रश्न उरतो तो हा शब्द चांगला कसा पाळायचा एवढाच. घरात मारहाण होत असेल तर मात्र आधी सुरक्षित जागी जा, 112 किंवा महिलांसाठीच्या 181 या क्रमांकावर फोन करा. अशा वेळी "सहन कर, तुझा क्रूस आहे" म्हणणारा कुणीही असो, त्याचं ऐकू नका.

मग गृहपाठ

येशूनेच विचारलं आहे की बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा हिशेब कोण करत नाही? लूकच्या 14व्या अध्यायात आहे ते. माहिती गोळा केल्याने विश्वास कमी ठरत नाही. उलट जे एका फोनवर कळलं असतं ते देवाने स्वप्नात येऊन सांगावं, ही अपेक्षा मला जरा आगाऊपणाची वाटते.

आपल्या नर्सने काय काय विचारायला हवं? एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदलेला आहे का? करारात ड्युटीचे तास, सुट्टी, परतीचं तिकीट लिहिलेलं आहे का? आईच्या औषधांचं कोण बघणार? भाऊ बघेन म्हणतोय, पण त्याला स्वतःला विचारलं आहे का, की आईनेच परस्पर सांगून टाकलं? आणखी एक गोष्ट एजंट आपणहून सांगणार नाही. सौदी अरेबियात चर्च नाही आणि सार्वजनिक ख्रिस्ती उपासनेला परवानगी नाही. दुबई, कुवेत, बहरीन, मस्कत इथे चर्च आहेत, भारतीय लोक तिथे मोठ्या संख्येने जातात. दर रविवारच्या मिस्साच्या (कॅथलिक उपासनेच्या) किंवा मंडळीच्या आधारावर जगणाऱ्या माणसाला दोन वर्षं त्याविना काढायची आहेत, ही माहिती पगाराच्या आकड्याइतकीच महत्त्वाची. म्हणून जाऊ नये असं नाही. ठाऊक असून जावं.

काटा मधोमध आणणं

सगळ्यात अवघड भाग हा, आणि बहुतेक जण नेमका हाच गाळतात.

इग्नेशियस म्हणतो, निवड करताना मन तराजूच्या काट्यासारखं मधोमध असावं, कुठल्याच पारड्याकडे आधीपासून न झुकलेलं. म्हणजे भावना मारून टाकायच्या असं नाही. मला रियाध हवंय, हे हवं असणं आहे तसं राहू द्यावं, पण देव नको म्हणाला तर तेही चालेल, इथवर यायचं. अटक होण्याआधी गेथशेमाने बागेत येशूने आधी आपली इच्छा स्पष्ट सांगितली, हा दुःखाचा प्याला टळो. मग पित्याची इच्छा वर ठेवली. क्रम लक्षात घ्या. पहिलं वाक्य गिळून थेट दुसऱ्यावर जाणारे पुष्कळ भेटतात. त्यांची गिळलेली इच्छा पुढे नवऱ्यावर, सुनेवर किंवा धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) कमिटीवर बाहेर पडते.

आपण मधोमध आहोत का, हे तपासायला इग्नेशियसने एक युक्ती दिली आहे. तीन माणसांना प्रत्येकी दहा हजार डुकॅट (त्या काळची सोन्याची नाणी) मिळाले आहेत. पैसा चोरीचा नाही, पण निव्वळ देवाच्या प्रेमाखातर मिळवलेलाही नाही, आणि तिघांनाही त्याची आसक्ती टोचते आहे. पहिला म्हणतो, यातून सुटायला हवं, आणि मरेपर्यंत काहीच करत नाही. दुसरा म्हणतो, आसक्ती जावी पण पैसा राहावा, आणि खटपट करतो ती देवाला आपल्या मर्जीवर आणण्याची. तिसरा खरोखर मोकळा आहे. ठेवायचा असेल तर ठेवीन, सोडायचा असेल तर सोडीन, जे देवाच्या सेवेला बरं ते, असं त्याचं म्हणणं.

आपण बहुतेक जण दुसऱ्या नंबरचे. आपली प्रार्थना निर्णयासाठी नसते, सही-शिक्क्यासाठी असते. निर्णय केव्हाच झालेला असतो, फक्त "प्रभूची इच्छा" एवढं लेबल हवं असतं. हे ओळखायला सोपी कसोटी आहे. कुणी तुमच्या आवडीच्या पर्यायाविरुद्ध एखादा साधा मुद्दा काढला तर तुम्ही किती पटकन चिडता? आमच्या नर्सला मैत्रीण म्हणाली, "तिकडे एकटी पडशील गं," आणि ही दोन दिवस तिच्याशी बोललीच नाही, तर काटा मधोमध नाही. झुकाव रियाधकडे आहे की घरातून सुटण्याकडे, ते अजून बघायचं आहे.

काटा झुकलेला दिसला तर इग्नेशियसचा उपाय थोडा कडू आहे. ज्याच्याकडे मन ओढलं जातं त्याच्या उलट गोष्टीसाठी प्रार्थना करायची. "प्रभू, मला इथेच राहून आनंदी राहता येईल असं कर." तोंडातून शब्द निघत नाहीत, पण आठवडाभर म्हणून बघा. आतून ज्या तक्रारी वर येतील त्याच खऱ्या कामाच्या.

रोजचा अर्धा तास आणि वही

सकाळी वीस मिनिटं वचन, रात्री दहा मिनिटं वही. नाईट ड्युटी असेल तर वेळ उलटी करा, पण ती ठरलेली असू द्या.

सकाळचं वाचन निर्णयाबद्दल नसावं. नोकरी, प्रवास, लग्न असे शब्द शोधत शास्त्र चाळू नका. येशू माणसांशी कसा बोलतो ते वाचा. मार्कच्या 10व्या अध्यायात श्रीमंत माणूस आहे आणि त्याच अध्यायाच्या शेवटी आंधळा बार्तीमय. येशू बार्तीमयाला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? त्या धुळीच्या वाटेवर तुम्ही स्वतः बसला आहात अशी कल्पना करा आणि प्रश्न तुम्हालाच आला आहे असं समजून उत्तर द्या. मोठ्याने दिलंत तर आणखी बरं. योहानाचा 21वा अध्याय, 139वं स्तोत्र, गेथशेमानेचा प्रसंग, एवढ्यावर पाच आठवडे सहज जातात. एकच उतारा तीन-चार दिवस धरला तरी हरकत नाही.

मधूनमधून असंही करा: एक पूर्ण दिवस "मी हो म्हटलंय" असं धरून जगा, दुसरा दिवस "नाही म्हटलंय" असं धरून. कुणाला सांगायचं नाही. रात्री वहीत दोन ओळी लिहायच्या: मनात काय आलं, आणि ते गेल्यावर काय उरलं. आपल्या नर्सच्या वहीत असं काही दिसेल:

"सोमवार. हो. रियाधचा पगार, घराचा स्लॅब, सगळं डोळ्यांसमोर. मजा वाटली. रात्री भांडी घासताना उगाच चिडचिड."

"बुधवार. नाही. सकाळी रडू आलं. दुपारी वॉर्डात आजींची ड्रेसिंग करताना बरं वाटलं. शांत झोप."

"शुक्रवार. नाईट. स्तोत्र अर्ध्यात असताना झोप लागली. काही नाही."

"रविवार. हो. आई शेजारणीला म्हणाली, पोरगी गेली तर घर होईल. छातीवर दगड."

एका नोंदीवरून काही ठरवू नका. बुधवारची शांत झोप म्हणजे देवाचा नकार, असा अर्थ लावण्याची घाई होते. अवघड गोष्ट टळली की भित्र्या माणसालाही शांत झोप लागते. फरक कळायला दिवस जावे लागतात. नुसती सुटका असेल तर ती शांतता तीन-चार दिवसांत निस्तेज होते आणि जागी चुटपुट उरते. देवाकडची असेल तर तिच्यामागोमाग माणसांबद्दल माया वाढते, प्रार्थना करावीशी वाटते, कामात जीव येतो. इग्नेशियस सांगतो की विचाराची सुरुवात, मध्य आणि शेवट तिन्ही तपासा. सुरुवात चांगली असून वाट भलतीकडे उतरत असेल तर मुळातच काही खोट आहे.

रविवारच्या नोंदीपाशी मी थांबलो असतो. "छातीवर दगड" हा रियाधला नकार आहे, की घराचं सगळं ओझं आपल्यावर टाकल्याचा राग? तसं असेल तर आधी आईशी एकदा मोकळं बोलायला हवं, आणि ते बोलणं नोकरी घेतली तरी हवं, न घेतली तरी हवं.

इथे एक इशारा. कोरडेपणा वेगळा आणि आजार वेगळा. आठवडेच्या आठवडे झोप नाही, भूक नाही, कशातच मन लागत नाही, जगणं नकोसं वाटतं, तर त्याला आत्मिक परीक्षा म्हणून सोसत बसू नका. डॉक्टरांना भेटा. सरकारच्या टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र बोलता येतं. निर्णय थांबला तरी चालेल.

कौल लावू नका

डोळे मिटून बायबल उघडायचं, बोट ठेवायचं आणि निघेल ते वचन आपलं, ही सवय दोन्हीकडच्या मंडळींत आहे. हा देवाला कौल लावण्याचाच प्रकार, फक्त पुस्तक आपलं. वचनाच्या नुसत्या शब्दांवर भरवसा ठेवू नये हे मत्तयाच्या 4थ्या अध्यायातच दिसतं. येशूला मंदिराच्या कड्यावरून उडी मारायला सांगताना सैतान स्तोत्रच म्हणून दाखवतो.

देवाकडे खूण मागणाऱ्या गिदोनाच्या लोकरीचा दाखला हमखास दिला जातो. लोकर ओली, जमीन कोरडी, मग उलट. पण शास्ते पुस्तकाचा 6वा अध्याय सुरुवातीपासून वाचा. काय करायचं ते देवाने गिदोनाला आधीच सांगितलेलं होतं. लोकर आली ती त्याचा विश्वास डळमळला म्हणून. यहूदाच्या जागी प्रेषित म्हणून मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून झाली हे खरं, पण ते पेंटेकॉस्टच्या आधी. पवित्र आत्मा उतरल्यानंतर प्रेषित चिठ्ठ्या टाकताना दिसत नाहीत. प्रेषितांच्या कृत्यांच्या 15व्या अध्यायात ते बसून वाद घालतात, एकमेकांचं ऐकून घेतात आणि मग लिहितात की पवित्र आत्म्याला व आम्हांला हे योग्य वाटलं. मला विचाराल तर "व आम्हांला" हे दोन शब्द सगळ्यांनी अधोरेखित करून ठेवावेत.

नवसाबद्दल कुणी विचारेल. हरेगावच्या मतमाउलीला किंवा वांद्र्याच्या माउंट मेरीला जायला ना नाही. वांद्र्याला जत्रेत मेणाचं घर, मेणाचं बाळ वाहतात, त्यामागची आस खरी असते. फक्त "नोकरी लागू दे, मग येईन" ही मागणी झाली. घ्यावी की नाही हे विचारायचं असेल तर मेणाचं विमान न वाहता माउलीपुढे रिकाम्या हाताने नुसतं बसा.

कुणाशी बोलायचं

एकट्याने ठरवू नका, पण दहा जणांनाही विचारू नका. एक धर्मगुरू किंवा पाळक, एक तुम्हाला लहानपणापासून ओळखणारी व्यक्ती, आणि एक जी या वाटेने जाऊन आली आहे. आखातात काम करून परतलेली एखादी नर्स दोन तासांत जे सांगेल ते फादरांना सांगता येणार नाही.

फादरांना मिस्सा सुटल्यावर चर्चच्या दारात गाठू नका. तिथे उत्तर मिळेल "प्रार्थना करतो हं" एवढंच, आणि त्यांचा दोष नाही, मागे वीस माणसं उभी असतात. ऑफिसात जाऊन किंवा फोन करून वेळ मागा. काय हवंय ते स्पष्ट सांगा: "फादर, एका निर्णयाबद्दल बोलायचंय, तासभर लागेल. तुम्ही उत्तर द्यावं असं नाही. मी सांगते ते ऐकून मला काय दिसत नाहीये ते सांगा." पाळकसाहेबांशीही असंच. जाताना वही न्या. कॅथलिकांनी लक्षात ठेवावं की पापनिवेदन आणि असा सल्ला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पापनिवेदनातलं गुपित फादर कुठल्याही कारणाने फोडू शकत नाहीत. इतर वेळच्या बोलण्याला तो नियम तसाच्या तसा लागू नसतो, म्हणून गोपनीयता हवी असेल तर आधी सांगा. येशूसंघाचे फादर भेटले तर उत्तम. मुंबईत वांद्र्याला त्यांचं रिट्रीट हाऊस आहे, पुण्यात ज्ञानदीप ही धर्मशास्त्राची संस्था आणि डी नोबिली कॉलेज यांमुळे ते बरेच असतात. महिनाभराच्या पूर्ण साधनेला सुट्टी नसेल तर नोकरी सांभाळून घरीच करायची सोय इग्नेशियसने मूळ साधनेतच ठेवली आहे.

चांगला मार्गदर्शक कसा ओळखायचा? तो ढकलत नाही. इग्नेशियसने मार्गदर्शकाला बजावलं आहे की साधना चालू असताना कुणालाही व्रताकडे ओढू नका आणि त्याच्या उलटही ओढू नका. देवाला त्या माणसाशी स्वतः बोलू द्या, तुम्ही काट्यासारखे मधे राहा. पहिल्याच भेटीत "मठात जा" किंवा "लगेच लग्न कर" म्हणणारा माणूस कितीही पवित्र असो, त्याला मोठ्या आदराने नमस्कार करून दुसरीकडे जा.

आणि "देवाने मला तुझ्याबद्दल सांगितलंय" म्हणणाऱ्यांचं काय? उपवास-प्रार्थनेत, कॉटेज मीटिंगमध्ये (घरोघरच्या प्रार्थनासभेत) असे भेटतात. लग्नाच्या बाबतीत तर फारच, आणि गंमत म्हणजे देवाने सांगितलेला मुलगा बहुधा त्यांच्याच नात्यातला निघतो. उत्तर सोपं आहे: "मला सांगेल तेव्हा बघू." संदेशाबरोबर पैसे मागितले, घाई केली किंवा "घरी सांगू नकोस" म्हटलं, तर तो संदेश तिथेच सोडायचा.

घरच्यांबद्दल एक जुना दाखला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याआधी त्यांचा बराच अभ्यास, बरीच तगमग झाली होती. पण पत्नी लक्ष्मीबाईंना विश्वासात घेतलं नव्हतं, आणि पुढची काही वर्षं ताटातूट, अपमान, नातेवाइकांच्या घरी आश्रित म्हणून राहणं हे सगळं त्यांच्या वाट्याला आलं. 1900 साली त्यांनी स्वतःच्या पायांनी चालत तोच निर्णय घेतला, आणि हे सगळं किती मिश्कीलपणे लिहून ठेवलं ते मराठी वाचकाला माहीत आहे. टिळकांचं पाचारण खरं होतं असं मीही मानतो. तरी पाचारण खरं असताना किंमत दुसऱ्याने मोजली, हे लपत नाही. वहीत एक पान त्यासाठी ठेवा: या निर्णयाची झळ कुणाला लागेल, आणि त्याच्याशी मी बोललो का?

चौथ्या आठवड्यात पान आखा

एवढं होऊनही मन स्पष्ट बोलत नसेल तर डोकं वापरायचं. इग्नेशियसची ही रीत मन शांत असतानाची आहे. भांडण झालेल्या किंवा पगार झालेल्या दिवशी करू नका.

पानाचे चार भाग पाडा. गेले तर फायदा, गेले तर तोटा, राहिले तर फायदा, राहिले तर तोटा. दोनच रकाने का नाहीत, असं वाटेल. पण करून बघा, "राहिले तर फायदा" हा रकाना भरताना ज्या गोष्टी सुचतात त्या "गेले तर तोटा" लिहिताना सुचलेल्या नसतात. आपल्या नर्सला तिथे कदाचित सुचेल: "नर्सिंगचा पुढचा कोर्स करता येईल." हे महिनाभर डोक्यातच आलेलं नव्हतं. मग मुद्दे मोजू नका, तोला. प्रत्येकासमोर लिहा की हे देवाच्या आणि माणसांच्या सेवेसाठी आहे, की भीती, हौस, लोक काय म्हणतील यासाठी. स्लॅब घालणं वाईट नाही. पण आईच्या डोक्यावर पक्कं छप्पर यावं म्हणून, की चुलत्यांच्या घरापेक्षा उंच दिसावं म्हणून?

नंतर तीन कल्पना करायच्या. अगदी अनोळखी माणूस हाच प्रश्न घेऊन आला, त्याचं भलं व्हावं एवढंच तुम्हाला वाटतं, तर काय सांगाल? मरणाच्या अंथरुणावर आहात, तेव्हा आज काय निवडलं असतं तर बरं, असं वाटेल? न्यायाच्या दिवशी ख्रिस्तासमोर उभे आहात, तेव्हा? तिन्ही उत्तरं एकाच दिशेची आली तर फार शोधत बसू नका.

ठरवल्यावर

निर्णय घ्या, पण आठवडाभर कुणाला कळवू नका. प्रार्थनेत तो देवासमोर ठेवा आणि वही चालू ठेवा. यातही अति होतं. येशूसंघाच्या घरांनी उत्पन्न घ्यावं की नाही यावर खुद्द इग्नेशियस 1544 साली 2 फेब्रुवारीपासून 12 मार्चपर्यंत देवाची खूण मागत राहिला. रोजची रोजनिशी लिहिली, ठरलेलं पुन्हा पुन्हा तपासलं. संतालाही सोडून देणं जड गेलं. आपण आठवड्यावर थांबू.

या आठवड्यात, आणि पुढेही, त्याचा एक नियम डोळ्यांसमोर ठेवा: आधी घेतलेला निर्णय मन उदास, कोरडं, अस्वस्थ असताना बदलायचा नाही. चांगल्या दिवसांत जे ठरलं त्याला वाईट दिवसांत चिकटून राहायचं. रियाधच्या पहिल्या महिन्यात हॉस्टेलच्या खोलीत रडू येईल, तेव्हा राजीनामा लिहायचा नाही. बदल करायचाच तर मन ताळ्यावर आल्यावर. छळ होत असेल, पासपोर्ट अडकवला असेल, तर ते वेगळं. तिथे विवेचन नको, भारतीय दूतावास हवा.

पाचारणाच्या बाबतीत चर्चने स्वतःच थांबे ठेवले आहेत, त्याचा फायदा घ्या. मठात गेलेल्या मुलीला निदान बारा महिने नवदीक्षित म्हणून काढावे लागतात. त्यानंतर निदान तीन वर्षांची तात्पुरती व्रतं, आणि मग आजीवन व्रत. मधल्या काळात परत येणं म्हणजे नापास होणं नव्हे, ही मुदत त्याचसाठी आहे, आणि हे गावातल्या बायकांना कुणीतरी सांगायला हवं. लग्नाआधी चर्चमध्ये नावं पुकारली जातात आणि विवाहपूर्व शिबिर असतं. ते सर्टिफिकेटसाठी उरकू नका. कर्ज, मुलं, सासूसासरे, रविवार कुठल्या चर्चमध्ये, हे चारही विषय तिथे एकमेकांसमोर काढा.

आणि वाट खडतर निघाली म्हणून निर्णय चुकला असं लगेच धरू नका. प्रेषितांच्या कृत्यांच्या 16व्या अध्यायात प्रेषित पौल आसिया प्रांताकडे निघतो तर आत्मा अडवतो, बिथुनियाकडे वळतो तर तिथेही अडवतो. शेवटी रात्री दृष्टान्तात मासेदोनियाचा माणूस "इकडे ये" म्हणतो. इतकं स्पष्ट मार्गदर्शन मिळूनही फिलिप्पैत पोचल्यावर काही दिवसांतच पौल आणि त्याचा सोबती सीला फटके खाऊन तुरुंगात, पाय खोड्यात अडकलेले. वहीत सहा महिन्यांनंतरची एक तारीख लिहून ठेवा. त्या दिवशी पहिल्या पानापासून सगळं वाचायचं आणि मग मार्गदर्शकाला फोन करायचा. तोवर रियाधला गेलेल्या नर्सने शुक्रवारी सकाळी आईला व्हिडिओ कॉल लावून दोघींनी मिळून एक स्तोत्र म्हणावं, आणि न गेलेलीने त्या कोर्सचा फॉर्म भरावा.